धाकल्याचा दम

शेणाने भरलेली बकेट माझ्या कमरेइतकी वर आली आणि तिथेच अडली. मी लिव्हर ओढून धरला, तसा सीटखालून पंप कण्हायला लागला. लोडरचे दोन्ही दांडे थरथरले, बकेट आणखी वीतभर उचलली गेली आणि मग माझ्या डोळ्यांदेखत हळूहळू खाली बसली. ट्रॉली समोर रिकामीच उभी होती. मी उतरले आणि पुढच्या चाकाला लाथ घातली. चाकाला काही झालं नाही, माझ्या अंगठ्याचं नख मात्र उलटलं.

"दम न्हाई त्यात!" मी ओरडले. "नुसतं वरडायला पायजे. भाकड मेलं!"

गोठ्याच्या दारात आप्पा उभे होते. आप्पा म्हणजे माझे सासरे. डोक्याला टापर बांधलेली, हातात शेणाची रिकामी पाटी. ते माझ्याकडे नाही, ट्रॅक्टरकडे बघत होते.

"त्याला कशाला शिव्या द्यायलीस?" ते म्हणाले. "मुकं हाय ते."

"ती पाटी खाली ठेवा आदी."

"मग शेण काय चालत जाणार हाय उकिरड्यावर?"

"ठेवा म्हणते न्हवं!"

त्यांनी पाटी ठेवली आणि आत निघून गेले. मी फावडं घेतलं आणि बकेटमधलं शेण हाताने ट्रॉलीत भरलं. यंत्राने खाली आणायचं आणि माणसाने वर चढवायचं, असा आमचा लोडर होता.

ही गोष्ट वीस वर्षांपूर्वीची, कागलच्या पुढच्या आमच्या गावातली. तेव्हा माझ्या गोठ्यात बारा म्हशी होत्या. लग्नात माहेरहून माझ्याबरोबर एक म्हैस आली होती. त्या बारांतल्या सात तिच्याच लेकी-नाती होत्या. मला शिक्षण नव्हतं, नोकरी नव्हती, पण पहाटे धार काढायला बसले की गावातल्या कुणाच्या बापाला भीत नव्हते. माझा स्वभाव तिखट आहे, हे मला ठाऊक आहे. गोठ्यामुळे तो चालून जात होता.

त्या वर्षी माघात आप्पांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. शेणाची पाटी डोक्यावर असतानाच ते उकिरड्यावर कोसळले होते. डॉक्टरांनी सांगितलं, यापुढे पाच किलोच्या वर वजन उचलायचं नाही. आता आप्पांना हे सांगणं म्हणजे भिंतीला सांगणं. गडी मिळत नव्हता, मिळाला तर टिकत नव्हता. माझे मालक, निवास, कागलला फौंड्रीत कामाला. बापाला तसं पडलेलं बघून ते हबकून गेले होते. त्यांनीच मग तासगावकडच्या एका द्राक्षबागेत वापरलेला छोटा ट्रॅक्टर आणला, पुढे लोडर बसवलेला. आणला त्याच दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं, "वैजंता, हा शेवटचा उपाय. गणपती बसायच्या आत हे नीट चाललं तर गोठा तुझा. न्हाई चाललं तर म्हशी निपाणीच्या व्यापाऱ्याला देऊन टाकायच्या आन आपण कागलला खोली करून ऱ्हायचं. आप्पाला मी पाटीखाली मरू देणार न्हाई."

 बरोबरच होतं त्यांचं.

आप्पांनी त्याच्या आदल्या वर्षी बैलजोडी विकली होती. जोडी गेल्यावर आठ दिवस माणूस कुणाशी बोलला नव्हता. ट्रॅक्टर दारात आला तेव्हा त्यांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "बैल गेलं आन ह्यो लोखंडाचा बोकड आला." त्या बोकडाला आप्पा 'धाकलं', म्हणजे घरातलं धाकटं, कधी म्हणायला लागले, ते माझ्या लक्षातही आलं नाही. बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या सणाला, त्यांनी लोडरच्या दांड्यांना तांबडा हुरमुंज लावला, बॉनेटवर बैलाची जुनी झूल टाकली, पुरणपोळी दाखवली. गावात सगळेच ट्रॅक्टरला असं करतात. मी हसले आणि कामाला लागले.

बेंदूर झाला आणि दहा दिवसांत लोडर आजारी पडला.

दस्तगीर मिस्त्रीला बोलावलं. गावात एस.टी. थांब्यापाशी त्याचं छोटं दुकान. किडकिडीत माणूस, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, मागच्या खिशात कायम पाना. त्याने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून ऐकलं.

"वैनी, पंप उपाशी हाय. तेल खराब झालंय."

त्याने खालचा नट सोडला. तेल पिवळट, फेसाळ आणि दाट आलं. दस्तगीरने ते दोन बोटांत चोळलं. "आदल्या मालकानं काय घातलंय कुणास ठाऊक. ह्यात हायड्रोलिकचंच तेल लागतंय, दुसरं काय चालत न्हाई." त्याने नवे सीलबंद डबे माझ्यासमोर फोडले आणि सीटमागच्या तोंडातून नरसाळ्याने तेल ओतलं. आप्पा खांबाला टेकून सगळं बघत होते. दस्तगीर निघाला तेव्हा त्यांनी विचारलंसुद्धा, "तेलच पाजतोस व्हय रं ह्याला?"

"तेलच की आप्पा. तेलावरच दम असतोय ह्याचा."

लोडर आठ दिवस झकास चालला. नवव्या दिवशी पुन्हा कण्हायला लागला. दस्तगीर पुन्हा आला, पुन्हा तेल बदललं, सिलिंडरची सीलं बदलली, एक पाइप बदलला. पुन्हा आठ-दहा दिवस बरे गेले. आणि आता गुरुवारी, निपाणीचा व्यापारी रविवारी म्हशी बघायला यायचा असताना, बकेट भरल्या शेणासकट खाली बसली होती.

त्या संध्याकाळी मी डेअरीवर दूध घालायला गेले तेव्हा डोकं तापलेलंच होतं. रांगेत वीसेक माणसं किटल्या घेऊन उभी. दस्तगीरही होता, आपल्या एका म्हशीचं दूध घेऊन.

"मिस्त्री," मी रांगेतूनच म्हणाले, "डब्यात तेल असतंय का पाणी भरून आणतासा?"

माणसं हसली. त्याने मान वळवली. "वैनी, डबा तुमच्या म्होरं फोडला."

"वरनं सील. आत काय घातलंय, ते तुमाला ठावं!"

"असं बोलू नका."

"का न्हाई बोलायचं? तीन येळा झालं. माझा गोठा बुडायला लागलाय आन तुमचा डबा खपायला लागलाय!"

आता कुणी हसलं नाही. दस्तगीरने मागच्या खिशातून पाना काढला आणि कपाळाला लावला. "ह्याची आन घेऊन सांगतो वैनी, ह्या हातानं खोटं तेल कुणाच्या मशिनीत गेलं न्हाई." दुधाची पावतीही न घेता तो चालता झाला. दुसऱ्या दिवशी गावातले दोघे दस्तगीरला सोडून आपले ट्रॅक्टर दुरुस्तीला कागलला घेऊन गेल्याचं कळलं. मला अजिबात वाईट वाटलं नाही. बरी अद्दल घडली, असंच वाटलं.

शुक्रवारी मी स्वतः ट्रॅक्टर तपासायला बसले. मला त्यातलं काय कळतंय? पण सीटमागे तेल ओतायच्या तोंडाचं टोपण होतं, ते दस्तगीर पान्याने घट्ट आवळायचा. माझ्या बोटांनी ते सहज फिरलं. कुणीतरी उघडून नुसतं हाताने लावलं होतं. कडेला कसला तरी पिवळट डाग होता, बोटाएवढा.

मी तिथेच उकिडवी बसून राहिले. निवास दिवसभर फौंड्रीत. पोरं शाळेत. घरी मी आणि आप्पा. मी वैरणीला गेले की एकटे आप्पा.

मग एकेक आठवायला लागलं. दुपारी मी अचानक आले की आप्पा ट्रॅक्टरपासून लगबगीने बाजूला व्हायचे. कधी त्यांचा हात बॉनेटवर असायचा. बैल गेले आणि लोखंड आलं, हे त्यांना कधीच सोसलं नव्हतं. लोडर मोडला की म्हशी जातील आणि म्हशी गेल्या की मोकळ्या गोठ्यात पुन्हा बैल येतील, असं म्हाताऱ्याच्या डोक्यात असणार. माती घालत असतील, नाहीतर राख. माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला.

आणि अशा माणसाचं मी काय काय करत होते! डॉक्टरांनी ताकदीसाठी अंडी द्या म्हटलं, तर खास त्यांच्यासाठी सहा गावठी कोंबड्या पाळल्या होत्या. रोज सकाळी दोन अंडी वाटीत फोडून द्यायचे. त्यात त्यांना चिमूटभर हळद लागायची, नाहीतर म्हणे वास येतो. वाटी घेऊन ते गोठ्यात जायचे. "म्हशींच्यात बसून पितो, तितं बरं वाटतंय." धुतलेली वाटी परत आणून द्यायचे. आणि तरी माणूस दिवसेंदिवस वाळतच चालला होता. गळ्याची हाडं वर आली होती. मी निवासना म्हणायचे, आप्पांच्या अंगाला अंडी लागतच नाहीत.

त्या रात्री जेवताना मी भाकरी थापता थापता म्हणाले, "घरातलंच माणूस घरात माती कालवायला लागल्यावर बाहेरच्याला काय बोलायचं?"

निवास त्या दिवशी जादा पाळीला थांबले होते. पाटावर एकटे आप्पा. त्यांचा घास हातातच राहिला.

"मला म्हणायलीस?"

"ज्याला लागलं त्याला."

 त्यांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला, ताटाला हात लावून नमस्कार केला आणि उठले. अर्धं जेवण तसंच होतं. मी हाक मारली नाही.

शनिवारी सकाळी दस्तगीर आपणहून आला. मी म्हशींना पाणी पाजत होते.

"तुमच्यासाठी आलो न्हाई," तो म्हणाला. "माझ्या पान्याचं नाव खराब झालंय, त्येच्यासाठी आलोय. पैसे नकोत. बोलूबी नका माझ्याशी."

 त्याने बकेट रिकामीच कशीबशी वर घेतली आणि दांड्यांखाली लाकडाचा ओंडका उभा करून टेकू दिला. बकेट वर असली की टेकूशिवाय तो कुणाला खाली जाऊ द्यायचा नाही. मग पोत्यावर उताणा झाला आणि ट्रॅक्टरच्या पोटाखाली सरकला. बराच वेळ नुसता पान्याचा आवाज येत होता. गंजलेल्या नटांना तो हळू आवाजात शिव्या घालत होता.

"मागच्या दोन्ही खेपेला ही जाळी उघडाय पायजे हुती," खालूनच तो म्हणाला. "नट गंजल्यालं, म्हणून कटाळा केला. तेवढी चूक माझी."

"कसली जाळी?"

"तेल पंपात जायच्या आदी गाळून जातंय, त्येची. च्यागाळणीसारखी."

जाळी सुटल्याचा आवाज आला आणि मग एकदम शांतता. दस्तगीर सरकत बाहेर आला. त्याच्या हातातली जाळी जाळीसारखी दिसतच नव्हती. पिवळ्या, घट्ट, चिकट गोळ्यांनी ती गच्च भरली होती. त्याने त्यातला एक गोळा नखाने काढला, नाकाशी नेला, पुन्हा नेला.

"वैनी," तो म्हणाला, "ही भुर्जी हाय."

"काय?"

"अंडं हाय हे. गरम तेलात शिजल्यालं. आन हळदबी हाय. वास घ्या."

मी वास घेतला. चूल कधी पेटवली नाही अशी बाई असती तर तिलाही कळलं असतं. तेलाच्या उग्र वासाखाली हळदीचा आणि अंड्याचा वास स्पष्ट येत होता.

दस्तगीरला हसू फुटलं. असं हसू, की चष्मा काढून पुसावा लागला. मग त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्याचं हसू बंद झालं. मी गोठ्यातल्या खुंटीकडे बघत होते. तिथे बैलांच्या घुंगरमाळांशेजारी वेळूचं एक नळकांडं टांगलेलं असायचं, एका टोकाला तिरकं कापलेलं. बेंदराच्या वेळी बैलाचं तोंड वर धरून त्याला तेल, हळद आणि अंडी पाजायची, ती याच नळकांड्याने. बैल जाऊन वर्ष झालं होतं. घुंगरमाळांवर कोळिष्टकं होती. नळकांडं मात्र तेलाने चकचकत होतं.

मी ते खुंटीवरून ओढलं आणि तरातरा निघाले. आप्पा मागच्या बाजूला, म्हशींच्या दगडी डोणीच्या काठावर बसले होते.

"हे काय?" मी नळकांडं त्यांच्या पुढ्यात धरलं. "हे काय करत हुतासा तुमी?"

त्यांनी नळकांड्याकडे बघितलं. घाबरले नाहीत, लाजलेही नाहीत. "पाजत हुतो," ते म्हणाले.

"ट्रॅक्टरला?"

"मग कुणाला? हाय का दुसरं कोण आता?"

"अंडी पाजलासा? ट्रॅक्टरला? आप्पा, माझा गोठा चाललाय, उद्या येपारी येणार हाय, सगळ्या गावात त्या दस्तगीरची मी छी-थू केली, आन तुमी…"  रडू येत होतं आणि ते येतंय याचाच राग येत होता.

"बेंदराला पाजलं," आप्पा म्हणाले. "तीन दिस. बैलाला पाजत हुतो तसंच. वरीसभर राबतंय जनावर, बेंदराला तरी त्येच्या पोटात काय जाय नको? आन तुझा मिस्त्रीबी तेलच पाजत हुता की, त्याच भोकातनं."

"ते तेल निराळं असतंय!"

"मला काय ठावं? त्यो म्हणाला, तेलावरच दम असतोय. मग तू रोज वरडायलीस, दम न्हाई त्यात, दम न्हाई त्यात. जनावराला दम नसला तर शिव्या द्यायच्या नसत्यात वैजंता. खुराक वाढवायचा असतोय. तवापासनं रोज देत हुतो."

दस्तगीर माझ्यामागे येऊन उभा राहिला होता. त्याने पाना खिशात टाकला आणि मान खाली घातली.

"मला वाटलं," मी म्हणाले, "तुमाला बैल परत पायजेत, म्हणून तुमी मुद्दाम बिघडवायलासा."

आप्पांनी मान वर केली. काल ताटावरून उठताना दिसला नव्हता असा राग आता त्यांच्या डोळ्यांत दिसला.

"बैल? बहात्तर वर्षं झाली मला. बैलामागं कोण जाणार, तू?" मग त्यांचा आवाज उतरला. "म्हशी गेल्या तर त्या कागलच्या खोलीत तू काय करशील? भांडशील कुणासंगं? म्हटलं, धाकल्यात दम आला पायजे. ते उभं ऱ्हायलं तर तुझा गोठा ऱ्हाईल."

  माझ्या डोक्यात मात्र एक गोष्ट अडकली होती. कोंबड्या सहा. सकाळी सगळी अंडी मीच गोळा करायचे. दोन आप्पांना द्यायचे, उरलेली टोपलीत मोजून ठेवायचे. टोपलीतलं एकही कधी कमी पडलं नव्हतं.

"रोजची अंडी कुठनं आणत हुतासा?" मी विचारलं.

आप्पा डोणीतल्या पाण्याकडे बघायला लागले.

"आप्पा, कुठली अंडी?"

"मला कशाला लागत्यात गं अंडी ह्या वयात," ते म्हणाले.

मी तिथेच, चिखलात, त्यांच्या पायांशी खाली बसले. जवळजवळ महिनाभर मी रोज सकाळी वाटी त्यांच्या हातात देत होते आणि ती धुऊन परत येत होती. त्यांच्या गळ्याची हाडं माझ्या डोळ्यांसमोर होती. दस्तगीर हळूच म्हणाला, "वैनी, एकाचं पोटात गेल्यामुळं बिघडलं आन एकाचं न गेल्यामुळं." मग स्वतःच ओशाळला आणि कामाला निघून गेला.

दुपारभर त्याने जुनं तेल पोत्यांवर सांडू दिलं, टाकी डिझेलने धुतली, जाळी घासून पुन्हा बसवली आणि नवं तेल भरलं. चारच्या सुमाराला निवास पहिली पाळी करून आले. मोटारसायकलवरूनच त्यांनी विचारलं, "चाललं का?"

दस्तगीरने मला खूण केली. मी सीटवर बसले, बकेट उकिरड्यात घुसवली, भरली आणि लिव्हर ओढला. पंप कण्हला नाही. बकेट सरळ डोक्याच्या वर गेली. मी ती तिथेच धरून ठेवली, मनात मारुतीचं नाव घेत. ती तसूभरही खाली आली नाही. मग ट्रॉलीत ओतली.

निवास जवळ आले. "काय झालं हुतं?"

आप्पा खांबाला टेकून उभे होते. त्यांनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी दस्तगीर बोलला. "तेल खोटं लागलं, निवासदादा. डबं माझ्याच दुकानातलं. माझीच नजर चुकली."

"म्हंजे वैजंता डेअरीवर बोलली ते खरंच की!"

"खरंच," दस्तगीर म्हणाला आणि पाना पुसायला लागला.

मी लोडरवर बसून होते. सांगायला पाहिजे होतं. पण सांगितलं असतं तर आप्पांची कथा रात्रीच्या आत पारावर गेली असती आणि म्हातारा गावात 'ट्रॅक्टरला अंडी पाजणारा' म्हणून मेला असता. मी गप्प बसले. दस्तगीरने माझ्याकडे वळूनही बघितलं नाही, हत्यारं पिशवीत भरली आणि गेला.

रात्रभर मला झोप लागली नाही असं म्हणणार नाही. थकलेली होते, झोपले. पण सकाळी डेअरीवर गेले तेव्हा किटली खाली ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मिस्त्रीचं तेल चांगलं हुतं. ट्रॅक्टर धुताना माझ्याच हातनं टोपण उघडं ऱ्हायलं, आत पाणी गेलं. मी उगंच त्यास्नी बोलले. चूक माझी."

 मी चूक कबूल केलेली गावाने तोवर ऐकलीच नव्हती. मग जे हसले, ते हसले! 'वैजंतानं ट्रॅक्टरला आंघोळ घातली' ही कथा पुढे कितीतरी वर्षं चालली. बेंदराला कुणी ना कुणी साबणाची वडी आणून द्यायचं. कुणी थट्टेत 'उटणंबी लावा' म्हणायचं. मी ऐकून घ्यायचे. निवासनी मात्र घरी विचारलं, "मग दस्तगीर तसं का म्हणाला?"

"तुमच्या बायकोची अब्रू राखायला," मी म्हणाले. त्यांना ते पटलं.

दस्तगीरने त्यानंतर भेटल्यावर एवढंच म्हटलं, "वैनी, तुमचा हात धुण्यात लई जड हाय." दोघे ट्रॅक्टरवाले आठवड्याभरात त्याच्याकडे परत आले. निपाणीचा व्यापारी रविवारी आला, चहा प्याला, म्हशींची तारीफ करून हात हलवत परत गेला.

त्या रविवारीच मी अंडी फोडून वाटी आप्पांच्या हातात दिली. ते सवयीने गोठ्याकडे वळले. मी मागोमाग गेले आणि त्यांच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिले.

"पितो की मी," ते म्हणाले.  मी हलले नाही.

"माझ्या म्होरं."

त्यांनी वाटीत बघितलं, मग ट्रॅक्टरकडे. "आन ह्याला?"

मी दस्तगीरकडून आणलेला ग्रीसचा पंप त्यांच्या हातात दिला. लोडरच्या दांड्यांचे सांधे दाखवले. प्रत्येक सांध्याला एक बारीक निप्पल असतं, तिथे पंप लावून ग्रीस भरायचं, नाहीतर सांधे झिजतात. ते काम रोजचं, आणि मी ते कधीच धड केलं नव्हतं.

"ह्याचं खांदं मळा," मी म्हणाले. "ह्याला एवढंच लागतंय."

बेंदराच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपाने मळतात. आप्पांना आणखी काही सांगावं लागलं नाही. त्यांनी अंडी एका घोटात संपवली, टापर बांधली आणि पहिल्या सांध्याशी बसले. पुढची सात वर्षं त्यांनी एक दिवस चुकवला नाही. शेजारपाजारचे लोडर खुळखुळ वाजायला लागले, आमचा मुक्याने चालायचा.

हे मी आता सांगते, कारण आप्पा जाऊन पुष्कळ वर्षं झाली आणि आता हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. शेवटचे काही दिवस त्यांना अंथरुणातून उठवत नव्हतं. बोलणं तुटक झालं होतं, माणसं ओळखू यायची नाहीत. मला कधी त्यांच्या आईच्या नावाने हाक मारायचे. अंड्याची वाटी घेऊन मी उशाशी बसले की तोंड घट्ट मिटून घ्यायचे. दोन दिवस काहीच पोटात गेलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी चमचा ओठांशी नेला, तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"धाकल्याला दिलंस?" त्यांनी विचारलं.

"दिलं, आप्पा," मी म्हणाले. "पोटभर पिलं ते. आता तुमचं ऱ्हायलंय."

मग त्यांनी तोंड उघडलं.